ठेक्यावरचं काम कधी सोडायचं: अठ्ठावन्नच्या अलीकडचा आणि पलीकडचा हिशोब

ठेक्यावरच्या माणसाला निवृत्तीचा आदेश सहसा कोणी देत नाही. टेंडर बदलतं, नवा ठेकेदार यादीतून नाव गाळतो, नाहीतर गेटपासच्या मेडिकलला बीपी जास्त निघतं आणि काम बंद होतं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारसची वीज केंद्रं असोत, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने असोत की बुटीबोरीची एमआयडीसी, रीत हीच. म्हणून दुसऱ्याने तारीख ठरवायच्या आत ती आपण ठरवावी. गुडघे किती दुखतात ते नंतर पाहू. पीएफची पेन्शन वयाच्या ५८ ला सुरू होते, म्हणून आधी पाहायचं ते हे की पीएफच्या दप्तरात तुमची पेन्शनची सेवा किती वर्षं आणि किती महिने दिसते.

कोळसा खाणीत ठेक्यावर असाल तर आधी पीएफचा नंबर कोणत्या संस्थेचा आहे ते बघा. खाणकामगारांचा पीएफ कोल माइन्स प्रॉव्हिडंट फंडात जातो. त्याचे पेन्शनचे नियम वेगळे आहेत, खालचं गणित त्याला लागू नाही.

पासबुक उघडा

यूएएनला (पीएफच्या कायमच्या क्रमांकाला) जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल दिला की शिल्लक कळते, पण तेवढ्याने भागत नाही. सरकारच्या उमंग अॅपवर किंवा गावातल्या सेवा केंद्रात पूर्ण पासबुक काढा. एका यूएएनखाली जितके ठेकेदार झाले तितके मेंबर आयडी दिसतील, आणि प्रत्येकाचं पासबुक वेगळं असतं. महिन्याची एक ओळ साधारण अशी असते: वेतन १३,५००, कामगाराचा हिस्सा १,६२०, मालकाचा हिस्सा ४९५, पेन्शन १,१२५. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात. त्याला १५,००० वेतनाची मर्यादा आहे, म्हणून तो आकडा १,२५० च्या वर जात नाही.

शेवटचा रकाना महिन्यामागून महिना तपासा. तिथे शून्य असेल तर तो महिना पेन्शनच्या सेवेत धरलेला नाही. शून्याचं कारण कधी योग्यही असतं: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या आणि तेव्हा मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १५,००० च्या वर असलेल्या कामगाराला पेन्शन योजना लागूच होत नाही. बाकीच्यांच्या बाबतीत, ५८ पूर्ण होईपर्यंत, शून्य म्हणजे चूक, आणि ती ठेकेदार गावात आहे तोवर दुरुस्त करून घ्यायची.

वेतनाचा आकडाही बघा. हातात १८,००० येतात आणि पीएफ मात्र ९,००० वर कापला जातो, उरलेली रक्कम भत्त्यांत दाखवली जाते, हे सर्रास चालतं. शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनावर पेन्शन निघते, त्यामुळे हा कागदावरचा आकडा हातातल्या पगाराइतकाच महत्त्वाचा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: एनसीपी दिवस. बिनपगारी गैरहजेरीचे दिवस ठेकेदार विवरणपत्रात भरतो आणि ते सेवेतून वजा होतात. मुनीम घाईत असेल तर भरलेल्या हजेरीचेही दिवस तिथे पडतात. हजेरी कार्डाचे फोटो ठेवले असतील तरच यावर बोलता येतं.

दहा वर्षांची रेघ

पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ९ वर्षं ६ महिने झाले की रेघ ओलांडली. सेवा सलग असायला नको. पाच ठेकेदारांकडची मिळून चालते, पण सगळे मेंबर आयडी आताच्या खात्यात ट्रान्सफर झालेले हवेत.

इथेच सगळ्यात मोठं नुकसान होतं, आणि ते कामगार स्वतःच्या सहीने करून घेतो. टेंडर संपलं की कोणीतरी सांगतं, ‘पीएफ काढून घे, नव्या ठेक्यात नवीन सुरू होईल.’ मग एकाच बैठकीत फॉर्म १९ आणि फॉर्म १०सी दोन्ही भरले जातात. १९ ने पीएफची रक्कम मिळते. १०सी ने पेन्शनचा हिस्साही निघतो आणि त्याबरोबर तेवढी सेवा पुसली जाते. सात वर्षं पुसली की पुन्हा शून्यापासून मोजणी. पैशाची अगदीच नड असेल तर आजारपण, लग्न, घर यांसाठी फॉर्म ३१ ने अग्रिम घ्या, १०सी ला हात लावू नका. काम खरंच सुटलं आणि सेवा साडेनऊ वर्षांच्या आत असेल तर त्याच १०सी मध्ये पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. पुढे कुठेही पीएफचं काम मिळालं की जुनी सेवा त्यात जोडली जाते.

आठ-नऊ वर्षांची सेवा आणि पंचावन्नचं वय असेल तर आमचं मत सरळ आहे: काहीही करून ती रेघ ओलांडा. जड काम झेपत नसेल तर हलकं घ्या, पण पीएफ कापणारं घ्या. कोल मिल किंवा राखेच्या कामावरून स्टोअर, टूल रूम, पंप ऑपरेटरचा हेल्पर, वॉचमन अशी बदली सुपरवायझरकडे मागता येते. कुशलवरून अकुशलच्या दरात आलात तर पगार घटेल आणि शेवटच्या ६० महिन्यांची सरासरीही थोडी खाली येईल. तरी पेन्शन अजिबात नसण्यापेक्षा ते परवडतं. जिनिंगचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो आणि चार-पाच महिने चालतो. तिथे जाताना मात्र पीएफ कापतात का, हे रुजू होण्याआधी विचारा, कारण रोजंदारीच्या नगद पैशाने सेवा वाढत नाही.

एक वर्ष जास्त केलं तर किती वाढतं?

सूत्र सोपं आहे: सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. वेतन १३,५०० आणि सेवा १४ वर्षं असेल तर महिन्याला २,७०० रुपये. २०१४ आधीची सेवा असेल तर तेवढ्या भागाला जुनी ६,५०० ची मर्यादा लागते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल. पेन्शन १,००० च्या खाली आली तर किमान १,००० मिळतात. मुदतीआधी घेतलेल्या पेन्शनला मात्र या किमान रकमेचा आधार धरू नका.

याच सूत्रात एक वर्ष वाढवा: १३,५०० भागिले ७०, म्हणजे महिन्याला १९३ रुपये. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असताना बॉयलरजवळ वर्षभर राबून पेन्शन एवढीच वाढते. त्यामुळे ‘पेन्शन वाढेल म्हणून अजून दोन वर्षं काढतो’ या म्हणण्यात दम नाही. वर्ष वाढवायचं ते पगारासाठी आणि पीएफसाठी: त्याच वेतनावर वर्षाला २५,३८० रुपये पीएफमध्ये पडतात, व्याज वेगळं. अपवाद दोन. एक दहाची रेघ, दुसरी विसाची. सेवा २० वर्षं पूर्ण असेल आणि ५८ ला निवृत्त होत असाल तर दोन वर्षं बोनस धरतात. अठरा-एकोणीस वर्षांवर असणाऱ्याने घाई करू नये.

५० नंतर मुदतीआधी पेन्शन घेता येते, पण अट अशी की पीएफ कापणाऱ्या नोकरीत नसावं, आणि दर वर्षामागे ४ टक्के घट कायमची. पंचावन्नला घेतली तर २,७०० च्या जागी सुमारे २,४०० हाती येतात, तेही मरेपर्यंत. उलट बाजूने ६० पर्यंत थांबलात तर दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते. ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब करा. २,५०० ची पेन्शन दोन वर्षं सोडली, म्हणजे ६०,००० गेले. वाढ मिळाली महिन्याला सुमारे २०० रुपये. ते ६०,००० भरून यायला २५ वर्षं लागतात.

५८ झाले म्हणून काम सोडावंच लागत नाही

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर काम चालू ठेवूनही पेन्शन घेता येते. गेट सुटेपर्यंत थांबायचं कारण नाही. अर्ज फॉर्म १०डी चा. ऑनलाइन भरता येतो, त्याआधी ई-नॉमिनेशन (पीएफच्या पोर्टलवर वारसाची नोंद) केलेलं असावं. नवरा-बायकोचा फोटो, बँक पासबुक आणि मुलांच्या जन्मतारखा तयार ठेवा. पीएफची पूर्ण रक्कम मात्र काम सुटल्यावरच.

५८ नंतर पेन्शनकडचं अंशदान थांबतं आणि दोघांचे मिळून २४ टक्के, वरच्या उदाहरणात ३,२४० रुपये, पीएफमध्ये जायला हवेत. ठेकेदाराच्या संगणकात तुमची जन्मतारीख चुकली असेल तर ८.३३ टक्के पेन्शनकडेच जात राहतात आणि दावा त्यावरून अडतो. वाढदिवसानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पासबुक पुन्हा काढा.

जन्मतारखेचा घोळ खेड्यात जुनाच आहे. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर १ जानेवारी, पीएफमध्ये आणखी तिसरी. ५८ च्या निदान वर्षभर आधी तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा. आधार चुकलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग पीएफमध्ये जॉइंट डिक्लरेशन (माहिती दुरुस्तीचा अर्ज). हा क्रम उलटा केला की अर्ज परत येतो.

आणखी एक गोष्ट तोलायची. कामावर असताना मृत्यू आला तर कुटुंबाला पीएफशी जोडलेल्या ईडीएलआय विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळू शकतात. काम सोडल्यावर हे छत्र राहत नाही. घरात कर्ज असेल आणि मुलगी लग्नाची असेल तर ही बाब छोटी नाही.

सोडायचा महिना

बहुतेक जण मृग लागला की पेरणीसाठी काम सोडतात. ज्यांचा ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, कापला जातो (वेतन २१,००० पर्यंत) त्यांनी इथे कॅलेंडर बघावं. एप्रिल ते सप्टेंबरच्या कपातीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ अवलंबून असतो, आणि आजारपणाच्या रोख मदतीला त्या सहामाहीत ७८ दिवस भरावे लागतात. ३१ मेला थांबलात तर जास्तीत जास्त ६१ दिवस होतात. जूनचा तिसरा आठवडा गाठला तर ७८ जमतात. पेरणीला दोन आठवडे मजूर लावावा लागला तरी हिशोब जमतो का, ते घरी बसून बघा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडतानाचं पत्र. किमान ५ वर्षं विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयसीचे उपचार चालू ठेवता येतात. ठेकेदाराच्या पत्रात ‘काम सोडले’ किंवा ‘गैरहजर’ असं लिहिलं असेल तर हे हातचं जातं. ‘वयोमानानुसार सेवानिवृत्त’ हे शब्द आणि तारीख, दोन्ही लिहून घ्या.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं सूत्र: शेवटचं वेतन गुणिले १५ भागिले २६, गुणिले वर्षं. १३,५०० वर वर्षाला ७,७८८ रुपये होतात, पाच वर्षांचे ३८,९४२. अडचण अशी की तिला पाच वर्षांची सेवा लागते आणि ठेकेदार म्हणतो, ‘माझ्याकडे दोनच वर्षं झाली.’ ठेकेदार बदलला तरी काम आणि जागा तीच होती, हे दाखवायला गेटपास लागतो, आणि तो तर शेवटच्या दिवशी परत घेतात. दरवर्षी नूतनीकरण झालं की त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, वेतन चिठ्ठ्याही. अर्ज लेखी करा, ३० दिवसांच्या आत, एक प्रत ठेकेदाराला आणि एक मूळ कंपनीला, स्पीड पोस्टने. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्त कार्यालय. केंद्राच्या अखत्यारीतल्या उद्योगात असाल तर केंद्रीय सहायक कामगार आयुक्त. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नेमणूक पत्रात ‘निश्चित मुदत’ असेल तर या संहितांत पाचऐवजी एका वर्षावर ग्रॅच्युइटीची तरतूद आहे, म्हणून नेमणूक पत्र नीट वाचा.

सोडल्यावर

ठेकेदार गायब झाला आणि पीएफमध्ये कामाची शेवटची तारीख टाकली नाही, तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’ मधून ती स्वतः टाकता येते. एकदा टाकली की सहज बदलत नाही, म्हणून आधी पासबुकातला शेवटचा महिना बघून घ्या. पुढच्या ठेकेदाराच्या रुजू तारखेवर ती चढली तर सेवा एकमेकींवर पडते आणि ट्रान्सफर अडतं.

आलेल्या रकमेतून आधी सावकाराचं आणि कृषी केंद्राची उधारी फेडा, त्यांच्या व्याजाला कुठलीही ठेव पुरत नाही. साठ झाले असतील तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. ८.२ टक्के दराने ३ लाखांवर दर तिमाहीला ६,१५० मिळतात. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडतानाचा दर पाच वर्षं टिकतो. ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट या पैशातून करू नका.

पोर्टलवर सुटत नाही अशी अडचण असेल तर पीएफ कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरतं. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आधार, बँक पासबुक, सगळ्या मेंबर आयडींची पासबुकं, शाळेचा दाखला आणि गेटपासचे फोटो घेऊन सकाळीच जा. पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. राखेत किंवा सिमेंटमध्ये राबलेल्या हातांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, तेव्हा पोस्टमन किंवा सेवा केंद्रवाल्याला चेहरा ओळखीने दाखला काढायला सांगा.