फॉरमॅट मारण्याआधी: मंद पीसीचं काय करायचं आणि त्यात काय टाकायचं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा पीसी चालू व्हायला सव्वाचार मिनिटं घ्यायचा. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोजली आहेत. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये टायपिंग करता येईपर्यंत धरली तर सहा मिनिटं वीस सेकंद. काका एसटीच्या डेपोत हिशेबाला होते, आता आमच्या सोसायटीचे हिशेब बघतात. बटण दाबून ते चहा ठेवायला जायचे. मला म्हणाले, "अगं, एकदा फॉरमॅट मारून दे की."

माझं सांगलीत गावभागात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फलक. रिपेअरिंग हा माझा धंदा नाही, पण पंचवीस वर्षं स्वतःची मशिनं स्वतःच उघडत आल्यामुळे गल्लीतले सगळे सीपीयू माझ्याच टेबलावर येतात. (डब्याला सीपीयू म्हणायचं नसतं हे मला ठाऊक आहे. सगळे म्हणतात, मीही म्हणते.) आणि प्रत्येकाला फॉरमॅटच मारून हवा असतो, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने. मारला की पंधरा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. कारण दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतं, खाली लोखंडात असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे बघणं. पीसी चालू करा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर खालचं 'मोअर डिटेल्स' दाबा. वर तीन आकडे वाचायचे: सीपीयू, मेमरी, डिस्क. काकांच्या पीसीवर सीपीयू ११ टक्के, मेमरी ७६ टक्के आणि डिस्क १०० टक्के होती. म्हणजे प्रोसेसर मोकळा बसला होता आणि डिस्क धापा टाकत होती. तिथेच 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर टिचकी मारली, तर १०० टक्के राबून ती देत होती सेकंदाला जेमतेम दीड एमबी.

हे कसं? जुन्या हार्डडिस्कमध्ये खरोखरची तबकडी असते, मिनिटाला ७२०० फेरे मारते, लॅपटॉपमध्ये बहुधा ५४०० मारते. एक दांडी तिच्यावर इकडून तिकडे सरकत फायली वाचते. सलग एकच मोठी फाइल असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी सहज देईल. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फायली मागतं, ठिकठिकाणच्या, आणि दर वेळी दांडी सरकून जागा सापडायला दहाएक मिलिसेकंद जातात. ऐन लग्नसराईत वीस गिऱ्हाईकं एकदम येऊन प्रत्येकाने आपापल्या पत्रिकेतली एकेकच वेलांटी दुरुस्त करायला सांगितली तर माझं जे होईल, तेच. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी झालेल्या वेलांट्या वीस.

एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ही शोधाशोध जवळजवळ उरतच नाही. डिस्क १०० टक्के दिसत असेल तर पैसे पहिल्यांदा तिथे घाला, रॅमवर, म्हणजे त्या मेमरीवर, नंतर.

फुकटातले उपाय आधी करून घ्या, पण त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन नको ती मंडळी 'डिसेबल' करा. काकांकडे तिथे कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम होता, तीन वेगवेगळे अपडेटर होते आणि एक गाण्यांचं ॲप होतं. दोन अँटिव्हायरस असतील तर निदान एक काढा. घरगुती वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. सी ड्राइव्हवर पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. 'पीसी दहापट फास्ट करा' म्हणणारे क्लीनर मात्र अजिबात उतरवू नका, ते स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडून बसतात. एवढं सगळं करून काकांची सव्वाचार मिनिटं साडेतीनवर आली.

मग डबा उघडला. वायर काढायची, बटण पाच सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्यायची, मग बाजूचं झाकण. आत पंख्यावर राखाडी गोधडीच होती. कोरडा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर घ्या, पण ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. ओलं फडकं नको. प्रोसेसर तापला की स्वतःहून वेग कमी करतो, तेव्हा उन्हाळ्यात दुपारीच हळू होणाऱ्या पीसीचं कारण पुष्कळदा ही गोधडीच असते. प्रोसेसरवरची पेस्ट दहा वर्षांत वाळून खडू होते. ती स्पिरिटने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावली. रॅमची पट्टी काढून सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला आणि चुरा झटकून परत बसवली. हे सगळेच करतात, आणि बऱ्याचदा गुण येतो.

एक बारकी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मदरबोर्डवर साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की पीसी बंद केल्यावर तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की बँकेपासून मेलपर्यंत सगळ्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागतात. काका त्यालाच 'नेट हळू आहे' म्हणत होते. घड्याळाच्या दुकानात सेल मिळाला, दोन मिनिटांचं काम.

आता खरेदी. आधी डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम 'गुड' म्हणतो की 'कॉशन', ते वाचा. काकांची 'कॉशन' होती, पिवळी. अशा वेळी दुसरं काही करायच्या आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. टकटक आवाज येत असेल तर पीसी चालूच ठेवू नका, थेट डेटा काढून देणाऱ्याकडे जा.

काकांचा पीसी २०१४ चा: चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबी डिस्क. अशा जुन्या बोर्डाला अडीच इंची साटा एसएसडीच घ्या, म्हणजे जुन्या डिस्कसारख्याच वायरींनी जोडली जाणारी. एनव्हीएमई नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी येते ती वेगवान असते, पण जुन्या बोर्डावर तिची खाचच नसते. दुकानदार देईल म्हणून घेऊन येऊ नका. फोटो-व्हिडिओ वेगळीकडे ठेवणार असाल तर २४० जीबी भरपूर झाली. रॅमसाठी टास्क मॅनेजरमध्येच 'मेमरी'खाली 'स्लॉट्स यूज्ड' बघा. काकांकडे दोनांपैकी एक भरलेला होता. त्याच जातीची, म्हणजे डीडीआर३, ४ जीबीची वापरलेली पट्टी घेतली आणि आठ झाली. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, जोर लावू नका.

एसएसडी बसवायला दोनच वायरी लागतात, एक डेटाची आणि एक विजेची. एसएसडी धरून ठेवणारी पट्टी नव्हती म्हणून मी एसएसडी दुहेरी चिकटपट्टीने डब्याला चिकटवली. हलणारा भाग नसल्याने बिघडत नाही. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन साटाचा मोड जुना 'आयडीई' नसून नवा 'एएचसीआय' आहे ना, ते बघितलं.

आणि जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. हे विसरू नका, मी एकदा किंमत मोजली आहे. २०१६ साली विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. पडद्यावर डिस्कच्या नावांऐवजी 'ड्राइव्ह ०' आणि 'ड्राइव्ह १' असे क्रमांक आणि आकार दिसत होते, मी चुकीच्या डिस्कवर 'डिलीट' दाबलं आणि अख्ख्या हंगामाच्या पत्रिकांची डिझाइनं गेली. जी जोडलेलीच नाही ती पुसली जाणार नाही.

आता मुख्य प्रश्न: टाकायचं काय? विंडोज १० ची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी घरगुती ग्राहकांना नाव नोंदवता येतं, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. पिढी ओळखायला प्रोसेसरचा आकडा बघा: ४१५० म्हणजे चौथी, ८४०० म्हणजे आठवी, १०१०० म्हणजे दहावी. तुमचा पीसी यात बसत असेल तर एसएसडी टाका, ११ घ्या आणि हा लेख इथेच सोडा. बसत नसेल तर नियमाला वळसा घालून ११ चढवणारे आहेत. चालतंही, पण अशा मशिनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या पीसीवर बँक उघडते तिथे मी हे करत नाही.

माझा सल्ला: 'कोणतं चांगलं' हे विचारूच नका. एक कागद घ्या आणि ज्या एका कामाशिवाय तुमचं अडेल ते त्यावर लिहा. सिस्टिम ते काम ठरवतं. माझ्या कागदावर मराठी फाँटची श्रीलिपी आणि डिझाइनचं कोरल आहे, माझी पंचवीस वर्षांची पत्रिका-पोथी त्यात आहे, तेव्हा माझं दुकान विंडोजवरच राहणार. त्यातलं सर्वांत जुनं मशिन मी नेटपासून तोडलंय, पेन ड्राइव्हने फाइल देते-घेते. टॅलीवाले, टेंडरसाठी डिजिटल सहीचा टोकन लावणारे, त्यांनीही उगाच धाडस करू नये. काकांच्या कागदावर होतं: सोसायटीचा एक्सेल, मेल, वीजबिल, यूट्यूबवरची कीर्तनं आणि रविवारी लेकीशी व्हिडिओ कॉल. यातल्या एकालाही विंडोज लागत नाही.

त्यांना मी लिनक्स मिंट दिलं, विंडोजच्या जागी चालणारी वेगळी सिस्टिम. फुकट आहे, २२ ची मालिका २०२९ पर्यंत अपडेट घेते, आणि स्टार्टचं बटण डाव्या कोपऱ्यात आहे, जे काकांच्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई नावाचं हलकं रूप घ्या, आठ असेल तर सिनॅमन. फक्त ब्राउझरच वापरणाऱ्याला गूगलचं क्रोमओएस फ्लेक्सही चालेल, मात्र त्यात मोबाइलची ॲप चालत नाहीत.

मिंटची खरी सोय ही की टाकायच्या आधी वापरून बघता येतं. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा एचर नावाचा प्रोग्राम वापरून ते चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. पीसी चालू होताना एफ१२, एफ८ किंवा तुमच्या कंपनीची जी की असेल ती दाबून पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता मिंट उघडतं. आता चहा ठेवा, कारण इथे तास घालवायचा आहे. आवाज येतो का, वायफाय लागतं का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर छापतो का. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर एचपीलिप या एचपीच्या लिनक्सवरच्या प्रोग्रामचं प्लगइन वेगळं उतरवावं लागतं. एखादा प्रिंटर हट्टीपणे छापतच नाही, ते आजच कळलेलं बरं.

आम्ही काकांची खरी फाइल उघडली. एक्सेलचा ताळेबंद मिंटसोबत येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये बरोबर आला, बेरजा जुळल्या, दोन रकाने अरुंद झाले तेवढेच. पण सर्वसाधारण सभेची नोटीस उघडली तर नुसते कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांचा काला. काकांचा चेहरा पडला. "गेलं का सगळं?" गेलं नव्हतं. ती नोटीस जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली होती. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, फाँट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फाँटची फाइल मिंटमध्ये टाकली की नोटीस दिसायला लागली, आणि पुढे लागणाऱ्या पाच-सहा नोटिसा मी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येणाऱ्या मराठीत, काढून दिल्या. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा. 'कार्यकारिणी'तला रफार हमखास शेजारी जाऊन बसतो.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स' उघडा आणि इंडियन गटातलं मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाण कीबोर्ड, जोडा. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर त्याच यादीतलं कागापा फोनेटिक बघा. काका डेपोत जुन्या टाइपरायटरवर शिकलेले, त्यांना दोन्ही नवीन. इनस्क्रिप्टचा तक्ता मी छापून भिंतीवर लावला आहे. पहिला आठवडा कटकट झाली, नाही म्हणत नाही.

सगळं पटल्यावर 'इन्स्टॉल' दाबलं. जोडलेली एकच डिस्क होती, एसएसडी, त्यामुळे 'सगळं पुसून टाका' निवडताना हात थरथरला नाही. पंचवीस मिनिटं लागली. आता बटणापासून ब्राउझरपर्यंत अठ्ठेचाळीस सेकंद. त्यातला निम्मा वेळ बोर्डाच्या स्वतःच्या तपासणीत जातो, तिथे आपलं काही चालत नाही.

जुनी डिस्क पुसली नाही, विकलीही नाही. तिच्यावर मार्करने तारीख लिहून ती काकांच्या कपाटात, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली आहे. सोसायटीचं ऑडिट होईपर्यंत तिथेच राहील.