बबल हॅश: ओला माल की सुका? या चुका टाळा

बबल हॅश म्हणजे गांजाच्या फुलांवरची राळेची बारीक डोकी बर्फाच्या पाण्यात सुटी करून, जाळीच्या बॅगांतून गाळून काढलेलं हॅश. आधीच सांगतो, मी ऑन्टारिओत राहतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. आमच्याकडे घरटी चार झाडं लावता येतात आणि ज्वलनशील सॉल्व्हंटला हात न लावता घरच्या घरी हॅश काढता येतं. भारतात हाच उद्योग एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे "थोडंसं करून बघू का" असं पुण्याहून विचारणाऱ्या भाचेमंडळींना माझं उत्तर "नाही" एवढंच असतं.

ऑक्टोबरात झाडं कापली की इथल्या ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. कापल्या कापल्या फ्रीझरमध्ये टाकू की वाळवू? विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं: ओलाच भारी. कुठलातरी व्हिडिओ बघितलेला असतो. कौतुक खोटं नाही म्हणा. वाळवताना मिरसीनसारखे हलके सुगंधी घटक उडून जातात, लगेच गोठवलं तर बरेचसे टिकतात. रंगही फिका येतो. पण पुढचं कुणी विचारतच नाही.

पहिली चूक वजनाची. "एक किलो ओल्यातून तीसच ग्रॅम आलं, तीन टक्के! सुक्यातून बारा टक्के येतं, मग मी फसलो ना?" अरे बाबा, ओल्या बोंबलाची आणि सुक्या बोंबलाची बरोबरी किलोवर कोण करतं? ओल्या फुलात पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं. तुझा तो किलो वाळवला असता तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरला असता आणि त्याचे बारा टक्के म्हणजे सत्तावीस ग्रॅम. फरक कुठाय? इथल्या कायद्यानेसुद्धा १ ग्रॅम सुक्याला ५ ग्रॅम ओलं धरलंय.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्याच वर्षी दोन झाडं कापून थेट डीप फ्रीझरमध्ये कोंबली. नोव्हेंबरात गॅरेजमध्ये बर्फ-पाण्यात धुतली. ७३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक जाळीच्या बॅगेत जे साठलं ते बघून मी हरखलो. ओल्या वाळूसारखं, पिवळसर, लिंबाच्या सालीचा वास. चमच्याने काढून छान वडी थापली, फडक्यात दाबून टिपली आणि डब्यात ठेवली. वरून दोन दिवसांत कोरडी लागली, मी खूश. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास. वडी मोडली तर आत पांढरी लव. सगळी कचऱ्यात. बायको म्हणाली, "वरची वरची ठेव ना." नाही. बुरशीचा माल ओढायचा नसतो, खरवडूनही नाही.

ओल्या मालाची खरी अडचण धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. त्याचं हॅश चिकट असतं, पटकन एकजीव होतं आणि पाणी पोटात धरून बसतं. मोठे लोक फ्रीझ ड्रायर (गोठलेल्या मालातलं पाणी काढून घेणारं यंत्र) वापरतात, आणि त्याची किंमत ऐकून मी पुन्हा विचारलं नाही. माझी सवय अशी: ओलं हॅश आधी दगडासारखं गोठवायचं, थंड खोलीत बारीक किसणीवर किसून पार्चमेंट पेपरवर भुरभुरायचं, थर विरळ, आणि आठवडाभर तरी विसरायचं. ओव्हन नाही, हेअर ड्रायर नाही. तिसऱ्या दिवशी बोट लावून बघणाऱ्यांनी या फंदात पडूच नये. आणि ज्यांच्याकडे थंड, कोरडी खोली नाही त्यांनी गुमान सुका माल घ्यावा. त्यात कमीपणा नाही. अफगाणिस्तान आणि मोरोक्कोतलं हॅश वाळवलेल्या झाडांचंच, चाळून काढलेलं.

सुक्याची खोड वेगळी. तो ठिसूळ. कोरडाच पाण्यात टाकून रवीने ताक घुसळल्यासारखा घुसळला की पानांचा चुरा होतो आणि हॅश हिरवं. आधी वीसेक मिनिटं बर्फाच्या पाण्यात नुसता भिजू द्या, मग हलक्या हाताने ढवळा. पहिल्या धुण्यातला माल वेगळा ठेवा, शेवटच्यात मिसळून नासवू नका.

ओला माल फ्रीझरमधून काढून ओट्यावर "जरा सुटा होऊ दे" म्हणून ठेवू नका. लगदा होतो.

फ्रीझरमध्ये ठेवताना पिशवीत गच्च दाबून भरू नका. गोठलेली ट्रायकोमची (फुलांवरच्या राळेच्या बारीक ग्रंथींची) डोकी धक्क्याने तुटतात आणि पिशवीलाच चिकटून राहतात.

मोठी पानं गोठवण्याआधी काढा, नंतर जमत नाही.

आणि एवढं करूनही बॅगेत काहीच येत नसेल तर बर्फाला शिव्या देऊ नका. काही झाडांची डोकी बारीक असतात, काहींची देठावरून सुटतच नाहीत, मग ओलं धुवा नाहीतर सुकं. मी आता नव्या झाडाचं आधी मूठभरच धुऊन बघतो. निघालं तर बाकीचं, नाहीतर ते झाड सरळ वाळवायला टांगतो.