राकसकोपला पक्षी बघाय जायचंय? मग आधी पाण्याची पातळी बघा

जुलै आला की अख्ख्या बेळगावात एकच विषय, शहराला पाणी पुरवणारं राकसकोप धरण भरलं काय? पेपरात रोज पातळी येतीय, समुद्रसपाटीपासून २४७५ फूट झालं की तलाव तुडुंब, मग दरवाजे उघडतात आणि खाली मार्कंडेय नदीकाठच्या शिवारात पाणी शिरतंय. आपण सगळे ही पातळी नळाच्या पाण्यासाठी बघतो. मी सांगतो, पक्ष्यांसाठी सुदीक बघा, कारण तिथं कुठल्या महिन्यात काय दिसणार हे बरंचसं त्या एका आकड्यावर आहे.

कसं ते सांगतो. तलाव पूर्ण भरलेला असला की पाणी थेट झाडाझुडपांना जाऊन टेकतंय, काठ असा राहतच नाही, आणि मधल्या खोल पाण्यात पक्ष्याला खायाय फार काही मिळत नाही. दिवाळीनंतर पातळी हळूहळू उतरू लागली की उथळ पाणी, मग चिखल, मग गवताचा पट्टा असं एकेक उघडं पडतंय, आणि किडे, गोगलगायी, बारके मासे, बेडक्या सगळं त्याच पट्ट्यात. आमचे मामा बेळगुंदीचे, ते लहानपणी मला म्हणायचे, "पाण्याच्या मधी काय बघतोस, काठ बघ." तेवढं एक वाक्य धरलं तरी निम्मं काम झालं.

जायचं कसं तर गणेशपूर, बेनकनहळ्ळी करत बेळगुंदी आणि पुढं राकसकोप. बसच्या भरवशावर राहू नका, पहाटेची वेळ जमत नाही, दुचाकी बरी. उजाडायच्या आधी अर्धा तास तरी काठावर पोचायला पाहिजे. डिसेंबर-जानेवारीत धुकं एवढं असतंय की समोरचं पाणी दिसत नाही, नुसते आवाज येतात, खरं परत फिरू नका, तसंच बसा, धुकं वर उचलायला लागलं की पाणी, मग पलीकडचं रान, मग डोंगर असं एकामागून एक उघडतंय आणि ते बघायलाच मी दरवर्षी जातोय.

धरणाची भिंत आणि दरवाज्याकडचा भाग सोडून द्या, विचारल्याशिवाय तिकडं जायचं नाही. हे आपल्या सगळ्या गावाचं प्यायचं पाणी आहे हे डोक्यात ठेवा, म्हणजे साबण नको, प्लास्टिक नको, उरलेलं जेवण पाण्यात टाकायचं नाही. दर रविवारी बाटल्या आणि पेपरप्लेटा बघून जीव तुटतोय माझा.

बरोबर काय घ्यायचं? दुर्बीण एक तरी पाहिजेच, ८ बाय ४२ घ्या. ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसती आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, पहाटेच्या कमी उजेडात हे भिंग मोठं असलं की चित्र उजळ येतंय. त्याहून जास्त पटीची घेतली तर हात हलतोय आणि काहीच धड दिसत नाही. कपडे मातकट रंगाचे. मोबाईलवर पक्षी ओळखायचं मर्लिन ॲप घरातूनच डाउनलोड करून घ्या, तिथं नेटवर्कचा भरवसा नाही. आणि भाकरी-झुणका बांधून न्या.

आता बसायचं कसं. हे महत्त्वाचं आहे, कारण निम्मी लोकं इथंच चुकतात, काठानं चालत राहतात आणि पक्षी पुढं पुढं उडत जातात. एक जागा धरा, सूर्य पाठीमागं येईल अशी, म्हणजे सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठाला, मागं झुडूप असलेली, आणि तासभर हलू नका. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाही असं वाटतंय, मग टिटवी ओरडायची थांबती, आणि ती गप्प झाली की समजा तुम्हाला सगळ्यांनी मान्य केलं.

मग काठापासून आत असं टप्प्याटप्प्यानं बघत जा. सुक्या चिखलावर टिटवी, धोबी, तुतवार (शेपूट सारखी खालवर करणारा बारका). घोट्याएवढ्या पाण्यात लांब गुलाबी पायांचा शेकाट्या आणि ढोकरी. ढोकरी बसलेली असताना मातीसारखी दिसती आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र, पहिल्यांदा बघणारा दचकतोयच. गुडघाभर पाण्यात राखी बगळा. त्याच्या पुढं बदकं. आपल्याकडं बारा महिने असतंय ते हळदीकुंकू बदक, काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या बुडाला लाल ठिपके, नाव कुणी ठेवलं माहीत नाही खरं याच्यापेक्षा बरं नाव नाही. थंडीत उत्तरेकडून येतात ते तलवार बदक, थापट्या, भुवई बदक. भुवईचा नर ओळखायला सोपा, डोळ्यावर पांढरी ठसठशीत भुवई.

काळा पक्षी, कपाळाला पांढरा गंध लावल्यासारखा, तो वारकरी. उडायच्या आधी तो पाण्यावरून धावत जातोय, त्या पावलांचा आवाज शांत सकाळी लांबवर ऐकू येतोय. बुडी मारून भलतीकडंच वर येणारी ती टिबुकली, आणि दगडावर पंख पसरून बसलेला पाणकावळा, त्याची पिसं पाण्यानं भिजतात म्हणून त्याला वाळवत बसावं लागतंय. मधल्या खोल पाण्यावर नजर टाकायचीच असली तर वर हवेत बघा, कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतोय आणि दगड पडल्यासारखा खाली येतोय.

मार्च ते मे वेगळाच तलाव. पाणी लांब जातंय, चिखलाला भेगा पडतात. हिडकल धरणात याच दिवसात पाणी खूप उतरलं तर हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बाहेर येतंय आणि लोकं दर्शनाला जातात, तसं इथं उघड्या पडलेल्या जमिनीवर टिटवी अंडी घालती, बहुतेक चार, खड्यांसारखीच दिसणारी. टिटवी डोक्यावरून झेपा टाकत ओरडायला लागली तर तिथंच थांबा आणि आलेल्या पावलावर मागं फिरा, पुढं टाकलेलं एक पाऊल अंड्यांवर पडू शकतंय. ओल्या गाळात उतरू नका, वरून वाळलेला दिसतोय आणि आत मांडीपर्यंत जातोय.

त्याच गाळात रात्री कोण पाणी पिऊन गेलं ते लिहिलेलं असतंय. गव्याचा खूर गाई-म्हशीसारखाच दुभंगलेला, मोठा आणि खोल, आणि शेजारी गुराख्याचं पाऊल नसतंय. रानडुकराच्या खुरामागं दोन बारके ठिपके उमटतात. या पट्ट्यात रताळी भरपूर, त्यावर डुकरं येतात, गवे भाताच्या शिवारात उतरतात, शेतकऱ्याची रात्रीची झोप गेलेली असती, म्हणून कुणाच्या बांधावरून जाताना आधी विचारा. गवा समोर आला तर गाडी लांबच थांबवा, हॉर्न नको, लाईट मारू नका, फोटोसाठी जवळ जाणं तर अजिबात नको. त्याला वाट द्या, तो जातोय.

डिसेंबर ते मे पालापाचोळ्यात बसायचं नाही, गोचीड. माकडताप त्यातूनच पसरतोय, शेजारी दोडामार्ग भागात २०१६ ला त्याची साथ होती. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर अंघोळ आणि कपडे गरम पाण्यात. रानात मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवा. पावसाळ्यात जाऊ नका, लाल मातीवर गाडी घसरती आणि पाण्याचा अंदाज येत नाही.

करकोचेच बघायचे असतील तर मात्र राकसकोप सोडा आणि थंडीत घटप्रभाजवळ धुपदाळला जा, तिथल्या अभयारण्यात कांड्या करकोचे येतात. तो दिवस वेगळा काढा.

साडेनऊ झाले, ऊन चढलं की बदकं लांब पाण्यात जाऊन झोपतात, तेव्हा भाकरीचं गाठोडं सोडा. आणि वही उघडून तारीख, दिसलेले पक्षी, आणि त्यांच्या शेजारी पाणी कुठल्या दगडापर्यंत होतं ते लिहा. मी एक फुटलेला काळा दगड धरलाय. जानेवारीत तो निम्मा बुडलेला असला की भुवई बदकं त्याच्या डाव्या अंगाला असतात.