प्रोग्रामिंग शिकायला बसताना साधनांच्या निवडीत या चुका टाळा

लातूर, बीड, हिंगोलीकडे बारावीनंतर मुलाच्या हाती येणारा पहिला लॅपटॉप बहुधा कुणाचा तरी वापरलेला, 4 जीबी रॅमचा असतो, इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट असतो आणि विजेचा भरवसा नसतो. साधन निवडताना पहिला विचार याचाच व्हायला हवा. प्रत्यक्षात मात्र पुण्यात नोकरी करणाऱ्या मावसभावाच्या संगणकावर जे असेल, तेच उतरवून घेतले जाते.

सर्वांत जास्त दिवस वाया जातात ते एडिटर आणि कंपायलर यांतील फरक न कळल्यामुळे. 2015 साली आलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर आहे. त्यात प्रोग्राम लिहिता येतो, पण लिहिलेले संगणकाला समजेल अशा रूपात आणणारा सी भाषेचा कंपायलर किंवा पायथनचा इंटरप्रिटर त्याच्यासोबत येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो. व्हिज्युअल स्टुडिओ हे त्याहून निराळे आणि कितीतरी अवजड सॉफ्टवेअर आहे. नावाच्या साधर्म्यामुळे ते उतरवायला घेतले, तर दिवसाचा डेटा संपूनही काम अर्धवटच राहते. पायथन शिकणाऱ्यांनी पायथनसोबतच येणाऱ्या आयडल या एडिटरपासून किंवा थॉनीपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच तयार झालेल्या थॉनीमध्ये पायथन आधीच अंतर्भूत असते, आणि प्रोग्रामची एकेक पायरी चालवून चलांच्या किमती कशा बदलतात हे डोळ्यांनी पाहता येते.

पायथन बसवूनही ‘कमांड ओळखता आली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येत असेल, तर इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावरील ‘पाथ’ची (पायथन कुठे आहे हे विंडोजला कळवणारी) चौकट बहुधा खूण न करता राहिलेली असते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवून ‘मॉडिफाय’मधून ती दुरुस्ती करता येते. सरावाच्या फाइलला ‘रँडम’ किंवा ‘मॅथ’ अशी पायथनच्याच मॉड्यूलची (आयत्या मिळणाऱ्या कोडच्या फाइलची) नावे देऊ नयेत. ‘रँडम’ नाव दिले, तर इम्पोर्ट करताना, म्हणजे ते प्रोग्राममध्ये आणताना, मूळ मॉड्यूलऐवजी आपलीच फाइल उघडली जाते आणि बिनचूक लिहिलेला प्रोग्रामही अडतो.

टर्बो सी++ या जुन्या कंपायलरबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे अनेक प्रयोगशाळांत आजही त्यावरच सी शिकवली जाते. बोरलँड कंपनीने ते 1990 साली बाजारात आणले, तर सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणक 1998 साली आले. शिवाय त्यात रुळलेल्या, पडदा पुसणाऱ्या ‘क्लिअरस्क्रीन’ आज्ञेसारख्या सवयी आजच्या कंपायलरमध्ये चालत नाहीत. त्यातील ‘इंट’ हा पूर्णांक साठवणारा प्रकार 16 बिटांचा असतो, म्हणजे 32767 च्या पुढची संख्या त्यात मावत नाही. 200 क्विंटल सोयाबीनचे क्विंटलमागे 200 रुपये भाडे ‘इंट’मध्ये काढायला गेलात, तर 40000 ऐवजी उणे 25536 असे उत्तर मिळते, आणि विद्यार्थी बिचारा आपल्याच सूत्रात चूक शोधत बसतो. परीक्षेपुरते ते महाविद्यालयात वापरावे, घरी मात्र मिनजीडब्ल्यू कंपायलरसह मिळणारे कोड::ब्लॉक्स घ्यावे. ते साध्या लॅपटॉपवरही नीट चालते.

एआयकडून ओळी आपोआप पूर्ण करून घेण्याची सोय पहिले काही महिने बंद ठेवावी. फॉर लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणारी रचना) स्वतःच्या हाताने चुकवून दुरुस्त केल्याशिवाय तो अंगवळणी पडत नाही.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड वापरायचेच ठरले, तर फाइल मेनूमधील ‘ऑटो सेव्ह’ आधी सुरू करावे, म्हणजे बॅटरी उतरलेला लॅपटॉप वीज जाताच बंद पडला तरी लिहिलेले वाचते. पायथनची संपूर्ण दस्तऐवजमालाही त्याच्या संकेतस्थळावरून एकदाच उतरवून ठेवता येते. गावी रेंज नसेल त्या दिवशी तीच उघडावी.