शेजारी वेगळे असतील तर आधी कढीपत्ता मागा

सदाशिव पेठेतून वानवडीला आलो तेव्हा आई म्हणाली होती, तिकडे आपलं कोण आहे रे. आता मजल्यावर केरळची चेची (म्हणजे मल्याळममधे ताई), समोर पारशी आजी-आजोबा, वर बिहारचं कुटुंब, आणि पेठेत दोन दिवस राहिलो तर मलाच करमत नाही. नवीन कुणी अशा बिल्डिंगमधे शिफ्ट होत असेल तर थोडं सांगतो.

पहिलं म्हणजे काहीतरी मागायला जा. हो, द्यायला नाही, मागायला. आपण लाडूचा डबा देतो नि दारातूनच परत फिरतो, ओळख तिथंच संपते, पण कढीपत्ता मागितला की समोरचा विचारतोच काय करताय, मग अर्धा तास गेलाच समजा. मी एकदा खोबरेल मागितलं, डोक्याला लावायला, तर चेचीनी वाटीभर दिलं आणि संध्याकाळी विचारलं भाजी कशी झाली! वाटी परत करताना रिकामी नको, हे काय सांगायला नको. फक्त त्यांच्यात काय खात नाहीत ते आधी सरळ विचारा, अंदाज बांधू नका. आणि दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही, हा नियम सगळ्या धर्मांना लागू.

मराठीतच बोला. समोरचा जरा वेगळा दिसला की आपण लगेच हिंदी सुरू करतो आणि मग आपणच कुरकुरतो की हे लोक मराठी शिकत नाहीत, अरे पण शिकणार कुणाकडून?

सणाला बोलावलं तर जाच, चुका होणारच. ओणमला जेवण झाल्यावर केळीचं पान आपल्याकडे दुमडायचं असतं, मी उलटं दुमडलं, तसं म्हणे दुखवट्याच्या जेवणाला करतात. क्षणभर सगळे गप्प, मग चेचीच हसत सुटली. ऑगस्टमधे आजींना हॅपी पतेती म्हणालो तर म्हणाल्या, डिकरा, पतेती म्हणजे पश्चात्तापाचा दिवस, नवीन वर्ष उद्या, उद्या ये. गेलो, रवो म्हणजे त्यांचा रव्याचा गोड पदार्थ खाऊन आलो.

कुणी म्हणालं की पुण्यात हे सगळे आत्ता आत्ता आले, तर त्याला एका रविवारी क्वार्टर गेटला न्या. तिथल्या सिटी चर्चची जागा सवाई माधवरावांनी 1792 मधे पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिश्चन सैनिकांसाठी दिली. तसंच पुढे कॅम्पात गेलात की लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं सिनेगॉग, 1867 मधे पूर्ण झालेलं. मग चहा पाजा, वाद आपोआप थंड होतो, निदान माझ्या काकांचा झाला.

आई हल्ली महिन्यातून आठवडाभर आमच्याकडे असते. काल फोडणीला टाकायला कढीपत्ता आणते म्हणून चेचीकडे गेली ती तासाभरानी उगवली, तोवर फोडणी करपून कोळसा.