आतले आणि बाहेरचे मूल्यमापक एकत्र : या चुका टाळा

युवा कार्यक्रमाचं मूल्यमापन आतल्या (संस्थेतल्याच) आणि बाहेरच्या माणसांनी मिळून करायचं ठरलं, की पहिली गफलत वेळेची होते. बाहेरच्याला शेवटच्या महिन्यात बोलावतात. तोवर मुलं सुरुवातीला कुठे होती याची नोंद करायची संधी गेलेली असते. मग तो बदल कशाशी ताडून पाहणार? पहिल्या सत्राआधीच दोघांना एकत्र बसवा आणि प्रश्न ठरवा.

बाहेरचा तो निःपक्षपाती, हा दुसरा भ्रम. त्याचं मानधन बहुधा संस्थाच देते, पुढचं कामही तिच्याकडूनच मिळण्याची आशा असते. उलट हजेरी मध्येच का घसरली, हे आतल्यालाच ठाऊक असतं. पण शिकवणाऱ्या ताईनेच ‘आवडलं का?’ विचारलं तर मुलं ‘हो’च म्हणणार. त्या मुलाखती बाहेरच्याने घ्याव्यात. मुलं अल्पवयीन असतील तर पालकांची संमती हवी, आणि मुलांचीही.

खरा घोळ गुण देताना होतो. एकच सत्र पाहून आतला ५ देतो, बाहेरचा ३, आणि घाईत सरासरी काढून ४ लिहिले जातात. असं करू नका. त्या दोन गुणांच्या फरकातच खरी माहिती असते. ‘सहभाग’ म्हणजे एकाने मुलांचं हसणं-बोलणं धरलं, दुसऱ्याने निर्णय कोण घेतं ते पाहिलं. दोन-तीन सत्रांना दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत, नोंदी समोरासमोर ठेवाव्यात, मग निकषाची भाषा दुरुस्त करावी. नुसत्या जुळणीच्या टक्केवारीवरही विसंबू नका. दोघांनाही सरसकट ४ द्यायची सवय असेल, तर गुण आपोआप जुळतात. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला ‘कॅपा’ हा निर्देशांक योगायोगाचा वाटा वगळून दोघांच्या गुणांची जुळणी मोजतो.

कधी शेवटी मुलं स्वतःला सुरुवातीपेक्षा कमी गुण देतात. बाहेरचा लगेच ‘कार्यक्रम फसला’ म्हणतो, आतला कागदच बाजूला सारतो. दोघंही थांबा. उदाहरणार्थ, नेतृत्व म्हणजे काय हे आत्ता कळल्यामुळे मुलांची मोजपट्टीच बदललेली असू शकते. त्यांना ‘आज कसे आहात’ याबरोबर ‘तेव्हा खरं तर कसे होतात’ हेही विचारा. आठवणही दगा देते, म्हणून जुने गुण फेकू नका.

मध्येच सोडून गेलेल्या मुलांनाही गाठा, नाहीतर टिकलेल्यांचंच कौतुक छापलं जातं.

अहवालाचा मसुदा आधी कोण वाचणार, हे करारातच लिहा. संस्थेने चुकीची माहिती दुरुस्त करावी. निष्कर्ष पटला नाही तर आपलं म्हणणं अहवालाला वेगळं जोडावं.