जुन्या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन सुधारताना

जुन्या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन, म्हणजे पुढची चाके चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणारी आर्म (आडवे हात), सांधे आणि स्प्रिंग यांची रचना, सुधारायचे ठरले की बहुतेकांचा हात सर्वप्रथम आखूड आणि कडक स्प्रिंगकडे जातो. माझ्या मते स्प्रिंग ही सर्वांत शेवटी बदलण्याची वस्तू आहे. पन्नास-साठ वर्षे चाललेली गाडी वळणावर झुकते, सरळ रस्त्यावर भरकटते किंवा ब्रेक लावल्यावर एका बाजूला ओढते, तेव्हा मूळ रचना वाईट असण्यापेक्षा त्या रचनेतले सांधे झिजलेले असण्याची शक्यता अधिक असते. झिजलेल्या सांध्यांवर कडक स्प्रिंग बसवली तर दोष जातच नाही, उलट त्याचा धक्का चॅसीपर्यंत अधिक जोराने पोहोचतो.

म्हणून आरंभ तपासणीपासून करावा. गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हा आकडा लागणार आहे. नंतर मागच्या चाकांना ठोकळ्यांची उटी लावून पुढचा भाग जॅकने उचलावा आणि चॅसीखाली भक्कम स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवावे. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर सहकाऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगून तीच कृती पुन्हा करावी. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो व्हील बेअरिंगमधला असतो. तसाच राहिला तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळते तो उभा खिळा), बॉल जॉइंट (गोळ्याचा सांधा) किंवा बुश (आर्मच्या टोकाची रबरी किंवा तत्सम बैठक) झिजलेले असतात. स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर येत असेल, तर खालचा बॉल जॉइंट तपासताना जॅक त्या आर्मखाली लावून सांध्यावरचा ताण काढावा लागतो, नाहीतर झिजलेला सांधाही घट्ट वाटतो.

काही गाड्यांच्या सांध्यांचे स्वतःचे नियम असतात आणि ते आधी वाचून घेणे आवश्यक आहे. ट्रायम्फच्या हेरल्ड आणि स्पिटफायर या गाड्यांमध्ये पोलादी उभ्या दांड्याचे खालचे आटे पितळी ट्रनियनमध्ये (आट्यांच्या खालच्या सांध्यात) फिरतात. तेथे ग्रीस न भरता गिअरचे जाड तेल द्यावे लागते. तेल न मिळाल्यास आटे गंजतात, दांडा तुटू शकतो आणि चाक आडवे पडते. अशा गाडीत नवे शॉक अॅब्सॉर्बर (स्प्रिंगची उसळी शमवणारे भाग) आणण्याआधी डावा-उजवा असे हे दोन सांधे सोडवून पाहणे हीच खरी सुधारणा होय.

सांधे सोडवण्याच्या कामात सर्वांत मोठा धोका दाबलेल्या कॉइल स्प्रिंगचा असतो. तिच्यात साठलेली शक्ती माणसाचा जीव घेऊ शकते. योग्य मापाचा स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरावा किंवा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे खालचा आर्म जॅकवर धरून तो अगदी हळूहळू खाली आणावा, आणि तोवर स्प्रिंगच्या रेषेत शरीराचा कोणताही भाग येऊ देऊ नये. ब्रेकचे कॅलिपर काढल्यास ते तारेने बांधून ठेवावे, होजवर लोंबकळू देऊ नये. निमुळते सांधे पुलरने सोडवावेत. काढलेल्या स्प्लिट पिना आणि नायलॉनची कडी असलेले नट पुन्हा वापरू नयेत.

आता बुश. रबरी बुश बहुधा फिरत नाही. त्याची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म हलताना रबर पिळले जाते. त्यामुळे आर्म खाली लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांतच फाटते. बोल्ट केवळ टेकवून ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवून पुढून दोन-तीनदा दाबून सोडावी, आणि मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) अंतिम आवळणी करावी. नवे रबरी बुश लवकर गेल्याच्या तक्रारींमागे बरेचदा हीच चूक असते. पॉलियुरेथेनच्या बुशचे काम वेगळे आहे; त्यात नळी फिरते, म्हणून सिलिकॉन ग्रीस लावणे अनिवार्य असते आणि ते सुकले की बुश करकरू लागतो. वळताना चाकाचा कोन अधिक स्थिर राहतो हा त्यांचा खरा लाभ, पण रस्त्याची थरथर आत येते ही किंमतही खरी. रोजच्या वापराच्या गाडीत मी आर्मच्या आतल्या टोकांना मध्यम कडकपणाचे पॉलियुरेथेन आणि जेथे एखाद्या दांड्याला दोन दिशांनी वाकावे लागते, तेथे रबरच पसंत करतो.

शॉक अॅब्सॉर्बर बदलल्याने गाडीच्या स्वभावात जेवढा फरक पडतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने पडतो. एमजीबीसारख्या गाड्यांत लिव्हर-आर्म डँपर (तरफेसारख्या हाताने चालणारे शॉक अॅब्सॉर्बर) असतात आणि पुढच्या चाकांना त्याच डँपरचा हात वरच्या विशबोनचे, म्हणजे वरच्या आर्मचे, काम करतो. तो चांगल्या स्थितीत असेल आणि तेलाने भरलेला असेल तर उत्तम चालतो. टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारे) डँपर बसवणारे किट घ्यायचे असेल, तर नव्या ब्रॅकेटचा भार चॅसीच्या कोणत्या भागावर येणार आहे हे पाहावे, कारण मूळ पत्रा त्या भारासाठी घडवलेला नसतो. चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन डँपर कोठेही टेकत नाही, तसेच ब्रेकची होज ताणली जात नाही, याची खात्री स्प्रिंग बसवण्याआधीच करून घ्यावी.

याच वेळी आणखी एक तपासणी करता येते, आणि ती फारच थोडे लोक करतात. स्प्रिंग नसताना जॅकने चाक वर-खाली नेत त्याचा टो (वरून पाहिल्यास चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) किती बदलतो ते पाहावे. टाय रॉड (स्टेअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारा दांडा) आणि खालचा आर्म वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू लागले की प्रत्येक खड्ड्यावर चाक आपोआप वळते. गाडी फार खाली आणल्यास हा दोष बळावतो.

अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाके जोडून गाडीचा झोक रोखणारा दांडा) आणि स्प्रिंग या दोहोंत जाडी चौथ्या घाताने काम करते. बार 20 मिमीऐवजी 22 मिमीचा घेतला तर तो सुमारे 46 टक्के कडक होतो. पुढचा बार फार जाड केल्यास गाडीचा झोक कमी होतो खरा, पण पुढची चाके वळणाबाहेर घसरू लागतात, म्हणून एकाच पायरीने वाढ करावी. स्प्रिंग निवडताना तिचे आर्मवरील स्थान लक्षात घ्यावे. ती आर्मच्या मध्यावर असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा स्प्रिंगच्या जवळजवळ चौथ्या भागाइतकाच असतो, आणि स्प्रिंग 10 मिमीने आखूड केली की गाडी सुमारे 20 मिमी खाली जाते. स्प्रिंगचे वेढे कापू नयेत. टोकाची बैठक बिघडते, आणि तापवून कापल्यास पोलादाचे पाणीच उतरते.

शेवटचे काम कोनांचे. अनेक जुन्या गाड्यांचे मूळ आकडे क्रॉस-प्लाय (जुन्या घडणीच्या, तिरप्या धाग्यांच्या) टायरसाठी ठरवलेले आहेत. त्यांत कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाकाचा कल; वरची कड बाहेर असेल तर धन, आत असेल तर ऋण) किंचित धन असतो, आणि स्टेअरिंग हलके राहावे म्हणून कॅस्टरही (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे असलेला कल) बेताचाच ठेवलेला असतो. आजच्या रेडियल टायरला वळताना किंचित ऋण कॅम्बर मानवतो, आणि कॅस्टर थोडा वाढवला तर सरळ धावण्यातली स्थिरता स्पष्टपणे सुधारते. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मध्ये मस्टँगच्या वरच्या आर्मचे आतले टोक 1 इंच खाली आणले होते, ते गाडी झुकताना बाहेरच्या चाकाला अधिक ऋण कॅम्बर मिळावा यासाठीच. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा ते एक अंश ऋण कॅम्बर पुरेसा आहे. तो ओळंब्यानेही मोजता येतो: रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत 400 मिमी अंतर असेल, तर एका अंशाला वरची कड सुमारे 7 मिमी आत जाते.

आधी कॅस्टर, नंतर कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो हा क्रम मोडू नये, कारण पहिले दोन बदलले की तिसरा हलतो. चालकाच्या जागी त्याच्या वजनाइतका भार ठेवून, स्टेअरिंग सरळ बांधून, गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरे ताणावेत आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडांचे अंतर मोजावे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एकूण 1 ते 2 मिमी टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली) बहुधा योग्य ठरतो; मात्र मॅन्युअलमधला आकडा हाच आधार धरावा. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवावेत, लॉकनट आवळावेत, आणि मोकळ्या रस्त्यावर मंद गतीने फेरी मारून यावे. शे-दीडशे किलोमीटर चालल्यावर नव्या स्प्रिंग आपल्या बैठकीत बसलेल्या असतात; तेव्हा उंची पुन्हा मोजावी, सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत आणि टो पुन्हा एकदा पाहावा.